गोळ्या नाहीत म्हणजे काय?

ऑगस्ट २०२५मधली सकाळ. बोत्सवानाच्या राजधानीत, गाबोरोनेत त्या दिवसांत थंडी सरता सरत नाही आणि वारा मात्र उन्हाळ्याचा सुटतो. बोलायला तोंड उघडलं की दातांखाली बारीक रेती येते. घरमालकीणबाईंना मी गाडीतून सरकारी दवाखान्यात घेऊन गेलो होतो. त्या त्र्याहत्तर वर्षांच्या. गेली अकरा वर्षं मी त्यांच्या अंगणातल्या दोन खोल्यांत राहतो. त्या मला ‘रा’ म्हणतात, मी त्यांना ‘मा’. सेत्स्वानात, म्हणजे इथल्या भाषेत, कुणाही पुरुषाला रा आणि कुणाही बाईला मा म्हणायची रीत आहे, पण मराठी कानाला त्या ‘मा’त जे ऐकू यायचं ते येतंच. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या दर महिन्याला या खिडकीतून मिळतात, पैसे पडत नाहीत. त्या दिवशी खिडकीतल्या मुलीनं कार्ड पाहिलं, मागच्या रिकाम्या फळ्यांकडे एकदा मान वळवली आणि म्हणाली, नाहीत, पुढच्या आठवड्यात बघा. मागच्या महिन्यातही तिनं हेच सांगितलं होतं.

“गोळ्या नाहीत म्हणजे काय?” मांनी विचारलं. आवाज चढवला नव्हता. ज्या सुरात एखादी आजी नातवाला ‘शाळेत गेला नाहीस म्हणजे काय?’ असं विचारेल, तोच सूर. मुलगी गप्प. रांग थबकली. मांनी मोठ्या सिस्टरला बोलवायला सांगितलं, त्या येईपर्यंत आपण इथेच आहोत असंही सांगितलं आणि निळ्या रंगाच्या बाकावर जाऊन बसल्या; पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. मला अवघडल्यासारखं झालं. मी वाकून म्हटलं, मा, चला, बाहेरच्या दुकानातून मी घेऊन देतो. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “रा, माझ्याकडे पैसे नाहीत असं मी म्हटलं का?”

मला दुसरी एक खिडकी आठवली.

जानेवारी २००८. सिएरा लिओनच्या पूर्वेला कोनो जिल्हा, त्यातलं कोइडू. मुंबईच्या हिऱ्यांच्या ज्या पेढीत मी असॉर्टर, म्हणजे कच्चे हिरे निवडून वेगळे करणारा, होतो, तिच्या शेटांबरोबर कच्चा माल बघायला गेलो होतो. फ्रीटाउनहून निघालो तेव्हा उजाडलं नव्हतं. माकेनीपर्यंत डांबर होतं, पुढे तांबड्या मातीचे खड्डे. हारमाटनचे दिवस, सहाराकडून येणारी पांढुरकी धूळ सगळ्या आभाळात भरलेली, भर दुपारीही सूर्य दुधाच्या पेल्यातून पाहावा तसा. तिथलं यादवी युद्ध संपून सहा वर्षं झाली होती, तरी छपरं नसलेली घरं रस्त्याच्या कडेनं तशीच उभी होती आणि खिडक्यांमधून झाडं बाहेर आली होती. काही घरांच्या आत जमीनच नव्हती. बंडखोरांनी फरशी फोडून, खाली खणून हिरे शोधले होते. गावात अंधार पडला की ‘कब्बा टायगर’ घरघरू लागत. छोट्या जनरेटरला लोकांनी माजी राष्ट्राध्यक्षांच्या नावावरून दिलेलं ते नाव. हिऱ्याचं चित्र रंगवलेल्या पाट्यांची लेबनीज व्यापाऱ्यांची दुकानं तेवढी उजळलेली असत.

तिसऱ्या दिवशी आमच्या ड्रायव्हरला सडकून ताप भरला, म्हणून त्याला घेऊन तिथल्या इस्पितळात गेलो. औषधांच्या खिडकीपाशी आमच्या पुढे एक बाई होती. पाठीला कापडानं बांधलेलं दोनेक वर्षांचं पोर, मान एका बाजूला कललेली. खिडकीतल्या माणसानं तिला क्रिओत, तिथल्या बोलीत, काहीतरी सांगितलं. ड्रायव्हरनं मला अर्थ सांगितला: सलाईन बाहेरून आणायचं, सुई बाहेरून आणायची, गोळ्याही बाहेरूनच. बाईनं मान डोलावली. चिठ्ठीची घडी घातली, कमरेला खोचली, आमच्याकडे वळून “कुशे” म्हणाली, म्हणजे नमस्कार. ड्रायव्हरनं तापातही रिवाजाप्रमाणे विचारलं, हाऊ दि बॉडी? ती म्हणाली, “आ टेल गॉड टँकी.” देवाचे आभार. आणि पोराला सावरत उन्हात निघून गेली.

माझ्या कमरेच्या पट्ट्यात तेव्हा कागदाच्या पुडीत अकरा कॅरटचा एक कच्चा हिरा होता. सकाळीच घेतलेला, तिथून चालत दहा मिनिटांवरच्या दुकानात. लोकांदेखत पाकीट काढायचं नाही अशी शेटांची ताकीद होती. मी ती पाळली.

ऑपेरा हाउसच्या त्या जुन्या हिरेबाजारात माझी उमेद गेली. उत्तरेच्या उजेडाची खिडकी, पांढरा कागद, चिमटा आणि डोळ्याला आयग्लास, म्हणजे भिंग. ढीग ओतायचा आणि रंग, शुद्धता, घाट बघत एकाचे वीस ढीग करायचे. आमच्यात सिएरा लिओनच्या मालाला फार मान. तो माल नदीनं निवडलेला असतो. लाखो वर्षं पाण्यानं दगडांवर आपटत नेलेला, त्यात कच्चे, भेगाळलेले खडे फुटून जातात आणि टिकाऊ तेवढे वाळूत उरतात. बोत्सवानाचा माल थेट जमिनीच्या पोटातून, त्यात उत्तम आहे आणि फुटकळही आहे. हाताला लागलेला हा फरक मला वर्षानुवर्षं फक्त भावाचा फरक वाटायचा. त्यातच दोन देशांच्या कपाळीचं किती लिहिलेलं होतं, हे मला उशिरा कळलं.

कोनोत हिरा नदीकाठच्या गाळात पसरलेला आहे, मैलोन्‌मैल. तो काढायला फावडं, बादली आणि चाळण पुरते. मी पाहिलं ते असं: कमरेएवढ्या गढूळ पाण्यात वाकलेली पोरं, हातातली गोल चाळण फिरवत, फिरवत, मग एका झटक्यात उलटी करून खडीचा ढीग काठावर, आणि काठावर छत्रीखाली बसलेला एक माणूस, ज्याची नजर चाळणीवरून क्षणभरही हलत नाही. तो त्यांना रोजचा तांदूळ देतो, थोडे पैसे देतो आणि सापडलेल्या हिऱ्यात त्याचा वाटा असतो. बहुतेक दिवशी काहीच सापडत नाही. सापडला तर त्याची किंमत पोरांना ठाऊक नसते. एका पोरानं माझ्या आयग्लासातून स्वतःचा तळहात पाहिला आणि किती तरी वेळ तो पाहतच राहिला. अशा उघड्या, पसरलेल्या संपत्तीला कुंपण घालता येत नाही. सरकारनं निर्यातीवर तेव्हा ३ टक्के कर ठेवला होता, कारण जास्त लावला तर खडा खिशातून लायबेरियात किंवा गिनीत जाणार. मूठभर हिऱ्यांना ट्रक लागत नाही, रस्ताही लागत नाही.

बोत्सवानात ज्वानेंगची खाण मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा कठड्यापाशी उभं राहून पाय लटपटले. तळाशी चालणारे राक्षसी डंपर मुंग्यांएवढे दिसत होते. ज्वानेंग म्हणजे बारीक खड्यांची जागा. किंमतीच्या हिशेबात जगातली सर्वांत श्रीमंत हिऱ्याची खाण, १९८२पासून चालू. कालाहारीच्या माळावर तो एकच खोल खड्डा. कुंपण आहे, फाटक आहे. इथला हिरा फावड्यानं निघत नाही. त्याला प्रचंड यंत्रं, प्रचंड भांडवल लागतं आणि ते आणणाऱ्या कंपनीला सरकारशी समोरासमोर बसून करार करावा लागतो. म्हणून बोत्सवाना शहाणा आणि सिएरा लिओन वेडा, असं कुणी म्हणू लागलं की मला राग येतो. भूगर्भानं एकाला तिजोरी दिली आणि दुसऱ्याच्या अंगणात नाणी उधळली.

पण सगळंच भूगर्भावर ढकलताही येत नाही.

१९६१ साली सिएरा लिओन स्वतंत्र झाला तेव्हा त्याच्याकडे काय नव्हतं? फ्रीटाउनचं विस्तीर्ण नैसर्गिक बंदर होतं, रेल्वे होती, १८२७ साली सुरू झालेलं फुरा बे कॉलेज होतं, ज्याच्यामुळे त्या गावाला पश्चिम आफ्रिकेचं अथेन्स म्हणत. १९६६ साली बोत्सवाना स्वतंत्र झाला तेव्हा अख्ख्या देशात १२ किलोमीटर डांबरी रस्ता आणि २२ पदवीधर. इंग्रजांनी राजधानीसुद्धा देशाबाहेर, दक्षिण आफ्रिकेतल्या माफेकिंगला ठेवलेली. स्वातंत्र्याच्या तोंडावर घाईघाईनं गाबोरोने वसवलं. मा तेव्हा चौदा वर्षांच्या होत्या. दुष्काळ होता. त्या सांगतात, गुरं बसली की उठत नसत, वडील शेपटीला धरून उठवत. रांगेत उभं राहून मिळालेल्या पिवळ्या पिठाचा वास त्यांना अजून आठवतो. त्या दिवशी या दोन देशांची पत्रिका कुणा ज्योतिषापुढे ठेवली असती, तर त्यानं भाग्ययोग कुणाचा सांगितला असता, हे उघड आहे.

आणि तारखा पाहा. कोनोत पहिला हिरा सापडला १९३० साली, इंग्रजांच्या अमलात. १९३५ साली एका कंपनीला जवळजवळ सगळ्या देशाचा हिरा ९९ वर्षांच्या पट्ट्यानं देऊन टाकला. स्वतःच्या परसात खणणारा माणूस त्या दिवसापासून चोर झाला. १९५०च्या दशकात हजारो लोक कोनोत घुसले, खणत सुटले, आणि कायदा व पोट यांची जी फारकत तेव्हा झाली ती स्वातंत्र्यानंतरही मिटली नाही. सायका स्टीव्हन्स १९६८ ते १९८५ सत्तेत होते. हिरे कंपनीचा निम्म्याहून अधिक हिस्सा सरकारनं घेतला, पण हिऱ्याचा पैसा राज्याच्या तिजोरीऐवजी मर्जीतल्या माणसांच्या हाती गेला. रेल्वे उखडली. १९७२ साली ९६८.९ कॅरटचा ‘स्टार ऑफ सिएरा लिओन’ सापडला. त्या देशाच्या नावाचा तारा जगभर मिरवला आणि कोनोत दिवा लागला नाही. १९९१ साली बंडखोर आले तेव्हा पोटात आग असलेली तरुण पोरं त्यांना आयतीच मिळाली. पुढची अकरा वर्षं मी लिहीत नाही. कोइडूतल्या दुकानात चहा आणून देणाऱ्याला मनगटाच्या पुढे हात नव्हते. कप तो दोन मनगटांमध्ये धरून आणायचा, एक थेंब सांडायचा नाही.

बोत्सवानात ओरापाचा हिरा सापडला १९६७ साली, इंग्रज गेल्यानंतर. त्याच वर्षी कायदा झाला की जमिनीखालचं सगळं कुठल्या एका जमातीचं नाही, देशाचं. ओरापा बांग्वातोंच्या मुलखात आणि राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा स्वतः बांग्वातोंच्या गादीचे वारस. गोऱ्या मुलीशी लग्न केलं म्हणून इंग्रजांनी ज्यांना वर्षानुवर्षं मायदेशी येऊ दिलं नाही, तो हा माणूस. स्वतःच्या जमातीच्या ओंजळीत पडलेलं त्यांनी सगळ्यांच्या ताटात वाढलं. मा सेरोवेच्या, म्हणजे बांग्वातोच. त्यांच्या गावच्या खोत्लामध्ये, म्हणजे आपल्या चावडीसारख्या बैठकीत, यावर खूप वाद झाले होते म्हणे. खोत्लात बोललेला प्रत्येक शब्द सुंदर असतो, अशी तिथली म्हण आहे. म्हणजे विरोधातलाही ऐकून घ्यायचा. मांचे वडील घरी येऊन म्हणाले होते, विहीर खणेल त्याची, पण दगड सगळ्यांचा. पुढे १९७५ साली सरकारनं खाणकंपनीत निम्मी भागीदारी मिळवली. कर, स्वामित्वधन, लाभांश मिळून नफ्याच्या रुपयातले ऐंशी पैसे सरकारकडे येऊ लागले आणि त्यातून रस्ते, शाळा, दवाखाने झाले. सभेची जागा सिएरा लिओनच्या गावोगावीही आहे, तिला बारी म्हणतात. कोइडूजवळच्या एका गावात मी तिच्यात बसलोय, गार सावली होती. पण हिऱ्याचा निर्णय त्या सावलीत कधी झालाच नव्हता.

मांना दोन मुली होत्या. थोरली २००१ साली गेली. त्या काळात या देशात चार प्रौढांतल्या एकाला तरी एचआयव्ही होता. शनिवार म्हणजे अंत्यविधीचा वार, आणि मा सांगतात की एकेका शनिवारी कुठल्या घरी आधी जायचं ते ठरवावं लागे. जानेवारी २००२मध्ये सरकारनं ‘मासा’ नावाची योजना सुरू केली. मासा म्हणजे नवी पहाट. गरजू नागरिकाला औषधं फुकट, आफ्रिकेत कुणीही राष्ट्रीय पातळीवर तोवर न केलेली गोष्ट. धाकटीला २००३ साली गोळ्या मिळू लागल्या, अशाच एका खिडकीतून. ती आज शाळेत शिकवते, तिचा मुलगा मला गणितं विचारायला येतो. एका मुलीत आणि दुसऱ्या मुलीत दोन वर्षांचं अंतर आणि एक खिडकी. हे कळल्यावर बाकावर बसलेल्या त्या बाईकडे मी वेगळ्या नजरेनं पाहू लागलो.

या देशाला मी देव्हाऱ्यात बसवत नाही. मध्य कालाहारीतून बासार्वा, म्हणजे तिथल्या मूळ आदिवासी लोकांना त्यांच्याच रानातून उठवलं, त्यांचं पाणी तोडलं. २००६ साली उच्च न्यायालयानं तो अन्याय म्हटला तेव्हा कुठे काही कुटुंबं परत जाऊ शकली. इथल्या मॉलच्या झगमगाटाबाहेर पदवी घेतलेली पोरं फोनची व्हाउचरं विकत उभी असतात. वर्षानुवर्षं निर्यातीतले सुमारे ८० टक्के हिरेच. घर एकाच खांबावर उभं राहिलं आणि तो खांब आता खचतोय. ऑगस्ट २०२४मध्ये कारोवेच्या खाणीत २,४९२ कॅरटचा दगड सापडला, शतकभरात एवढा मोठा सापडला नव्हता. आणि त्याच सुमारास बाजार असा पडला की खाणींनी उत्पादन कमी करायला सुरुवात केली. पावसाळ्यातलं पाणी साठवावं तसा १९९४पासून साठवलेला ‘पुला फंड’ आटत चालला. पुला म्हणजे पाऊस. चलनाचं नाव पुला, सभेत एकमेकांना दिलेली घोषणाही पुला. त्याच ऑगस्ट २०२५मध्ये राष्ट्राध्यक्ष दुमा बोको यांनी औषधांच्या टंचाईपायी सार्वजनिक आरोग्याची आणीबाणी जाहीर केली. कारणं बरीच होती, परदेशी मदत घटली होती, खरेदीच्या साखळीतल्या भावांवर त्यांनी बोट ठेवलं होतं. पण मुळाशी हिरा होताच.

आणि इथे माझ्या घशाशी काहीतरी अडकतं. हिऱ्याचा बाजार पाडण्यात मोठा वाटा प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्याचा, आणि त्याचं मोठं घर सुरत. जून २०२३मध्ये आपल्या पंतप्रधानांनी अमेरिकेत भेट दिला तो साडेसात कॅरटचा हिरवट हिरा तसाच होता. माझ्या हाताखाली शिकलेली दोन मुलं आज त्या कारखान्यात आहेत, चांगलं कमावतात. ठाण्यातल्या माझ्या भाचीनं साखरपुड्याला तशीच अंगठी घेतली. तिनं व्हिडिओ कॉलवर बोट कॅमेऱ्याजवळ आणून विचारलं, मामा, ओळखू येतोय का फरक? मी खरं तेच सांगितलं, की डोळ्यांना येत नाही. तिच्या पगारात बसणारी अंगठी आहे, त्यात कुणाचं रक्त नाही, ती आनंदात आहे. तिला मी काय सांगू? की तुझ्या बोटावरच्या खड्याचा आणि मांच्या रिकाम्या फळीचा काही संबंध आहे? संबंध आहे. तिचा दोष नाही. दोन्ही वाक्यं मला एकाच वेळी खरी वाटतात आणि रात्री झोप लागत नाही.

दवाखान्यातल्या त्या बाकावर मांच्या शेजारी बसलो आणि मला माझी आई आठवली. गिरगावच्या चाळीतली, कुणाशी वर मान करून न बोलणारी. रेशनच्या दुकानात ‘साखर आली नाही’ म्हटलं की कार्डाची घडी करून परत यायची, थेट कोइडूच्या त्या बाईसारखी. १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांनी महागाईविरुद्ध बायका रस्त्यावर आणल्या, तेव्हा एका दुपारी आई पोळपाटावरचं लाटणं घेऊन घराबाहेर पडली. मी आठ वर्षांचा होतो, दारात उभा. संध्याकाळी परत आली तेव्हा घसा बसलेला होता, चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा. लाटणं धुतलं आणि त्यावरच पोळ्या लाटल्या. पुढच्या वेळी रेशनवाल्यानं नाही म्हटल्यावर तिनं विचारलं होतं, नाही म्हणजे काय? कधी येणार ते पाटीवर लिहा. मी तिचा पदर ओढत होतो, आई चल ना, लोक बघतायत. साठी उलटल्यावर परमुलखात मी दुसऱ्या एका आईला तेच म्हणालो होतो.

सिएरा लिओनलाही मी २००८च्या त्या खिडकीत कोंडून ठेवणार नाही. एप्रिल २०१०पासून तिथं गरोदर बायकांना आणि पाच वर्षांखालच्या मुलांना उपचार मोफत करण्यात आले. मतपेटीतून तिथं सरकारं बदलली आहेत, २००७मध्ये आणि २०१८मध्येही, जे बोत्सवानात व्हायला २०२४ उजाडावं लागलं. २०१७ साली कोनोत ७०९ कॅरटचा हिरा सापडला, तो एका पाद्र्याच्या माणसांना. त्यानं तो सीमेपार न नेता सरकारकडे दिला, न्यूयॉर्कला लिलाव झाला, ६५ लाख डॉलर आले आणि त्यातला वाटा गावाकडे वळवायचं ठरलं. ही बातमी मी गाबोरोनेत हिऱ्यांच्या कारखान्यातल्या माझ्या टेबलावर वाचली तेव्हा चिमटा खाली ठेवला होता. ते पाठीवरचं पोर जगलं असेल, तर आज विशीचं असेल. ते एखाद्या खिडकीपाशी उभं राहून हुज्जत घालतंय, असं चित्र मी मनात बरेचदा काढतो.

बाराच्या सुमाराला मोठ्या सिस्टर आल्या. थकलेल्या होत्या, त्यांचा दोष नव्हता, हे मांनाही कळत होतं. गोळ्या खरंच नव्हत्या. मांनी वही मागवली, स्वतःचं नाव, गोळीचं नाव आणि तारीख लिहून घ्यायला लावली, चष्मा लावून वाचली, आपल्या नावातलं एक अक्षर चुकलं होतं ते खोडून नीट करायला लावलं. मग उठल्या. त्यांच्या मागे बाकावर बसलेला एक म्हातारा सरकत पुढे आला आणि म्हणाला, आता माझं लिहा.

गाडीत बसल्यावर त्यांनी पट्टा लावला, पर्समधून रुमाल काढून कपाळावरची रेती पुसली.

“सोमवारी परत यायचं, रा. तुला वेळ आहे ना?”

आहे, मी म्हटलं.